ठमाबाईचा हात

"आजून जरा दाब गो."

"दाबते ना. तुमी आधी हलू नका."

काळुराम अंगणातल्या दगडावर मान तिरपी करून बसला होता आणि ठमाबाई त्याच्या डाव्या कानात कापसाचा बोळा बसवत होती. करंगळीच्या पेराएवढा बोळा, मेणात आणि उंडीच्या तेलात भिजवलेला. तो नुसता कानात सरकवायचा नसतो. अंगठ्याने दाबायचा, एकवीरेचं नाव घ्यायचं, गालावर ओघळलेलं तेल पदराने पुसायचं आणि पुन्हा दाबायचा. गंगुबाईने, म्हणजे तिच्या सासूने, तीनदा दाबायला शिकवलं होतं. आज ठमाबाईने पाचदा दाबला. मग तिने उजव्या कानातही बोळा घातला, जरी त्या कानाचा आता काही उपयोग उरला नव्हता. चार वर्षांपूर्वीच तो गेला होता. म्हणजे होता जागेवरच, ऐकायचं काम तेवढं त्याने सोडून दिलं होतं.

ठाण्याहून कल्याणकडे आगगाडी जायला लागून तीसेक वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. कळव्यातले निम्मे आगरी मिठागरात राबत आणि निम्मे खाडीच्या तळाची रेती काढत. रेती काढायची म्हणजे डुबी मारायची. पडावातून, म्हणजे मोठ्या होडीतून, तळापर्यंत बांबू रोवायचा, छातीत मावेल तेवढा श्वास घ्यायचा, बांबू धरून खाली जायचं, पाटी भरायची आणि वर यायचं. दिवसातून पन्नास-साठ वेळा. पाणी दोन पुरुष खोल, फार तर अडीच.

कान सगळ्यांचेच दुखत. खाली जाताना आधी कान भरून येत, मग आत शिटी वाजे, मग कोणीतरी सुई खुपसल्यासारखं होई. गावात त्याला खाडीची हाक म्हणत. खाडी माणसाच्या कानात त्याचं नाव घेते. ज्याने ते ऐकलं त्याचं डोकं फिरतं, वर कुठे आणि खाली कुठे हेच त्याला कळत नाही, आणि हातातला बांबू सोडून तो तिच्याकडे जातो. काळुरामचा बाप असाच गेला होता. म्हणून हे बोळे. हाक ऐकूच आली नाही तर माणूस जाईल कशाला?

बोळे घालायचा मान गावात एकाच बाईच्या हाताला असे. आधी तो गंगुबाईचा होता, तिच्यामागे ठमाबाईचा झाला. ओहोटीच्या आधी डुबीवाले तिच्या अंगणात येत आणि एकेक जण दगडावर बसून कान पुढे करी. ज्या हाताने बोळा घातला त्याच हाताने तो काढायचा, असा नियम होता. कान कितीही ठणकला तरी दुसऱ्या कोणी बोळ्याला हात लावायचा नाही, डुबीवाल्याने स्वतःही नाही. माणसं मुकाट्याने कान धरून तिच्या दारात येत. आणि माणसं खाली असताना त्या बाईने पाण्याकडे फिरकायचं नाही. ती उंबऱ्यात बसून राहायची. बारा वर्षं ठमाबाई उंबऱ्यात बसून भीत आली होती.

तिच्या हातचे बोळे घालून चार जण ठार बहिरे झाले होते. त्यात तिचा धाकटा दीर रघू होता. ती लग्न होऊन आली तेव्हा तो आठ वर्षांचा होता. गंगुबाई गेल्यावर तिनेच त्याचं सगळं केलं. सोळाव्या वर्षी तो पहिल्यांदा दगडावर बसला आणि एकविसाव्या वर्षी त्याला काही ऐकू येईनासं झालं. शीळ गावाकडची एक सोयरीक ठरली होती, ती मोडली. आता तो मिठागरात फावडं ओढायचा. रघूचं असं का झालं याचं ठमाबाईच्या मनात एकच उत्तर होतं. एवढा दाबूनही हात हलका पडला. तेव्हापासून ती प्रत्येकाचा बोळा पहिल्यापेक्षा घट्ट दाबायला लागली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसं तिचं झालं होतं.

आणि आज पाणी पाच पुरुष होतं.

झालं होतं असं की पंधरा दिवसांपूर्वी लोखंडी तुळया घेऊन कल्याणला निघालेला एक पडाव कळव्याजवळ खाडीत बुडाला. तो उचलायला बंदरावरच्या साहेबाने मार्सेलला आणलं. मार्सेल ठाण्याच्या चर्चमागच्या वाडीतला किरिस्ताव, पण बारा वर्षं मुंबईच्या गोदीत पाणबुड्या होता. त्याच्याकडे तांब्याचा टोप होता, रबरी पोशाख होता, वरून हवा मारायचा पंप होता. पण तुळया एकमेकींत अशा अडकल्या होत्या की टोपासकट माणूस आत शिरेना. उघड्या अंगाने मधल्या फटीत जाऊन दोर बांधील असा कोणीतरी हवा होता. पाटलाने काळुरामचं नाव सांगून टाकलं. पाटलाला नाही म्हणणं म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर.

"ह्यो कान सांभाळा," ठमाबाई म्हणाली. "एकच राहिलाय."

"तुझ्या हातचा बोळा हाय ना? मंग झाला." काळुराम उठला आणि लंगोट घट्ट करत निघून गेला.

ती उंबऱ्यात बसली. तो कान खाली फुटला तर दोनच गोष्टी होऊ शकत होत्या. काळुराम बापाच्या वाटेने जाईल, नाहीतर रघूसारखा होऊन वर येईल. यातलं दुसरं मागावं असं तिला वाटलं आणि ते मागताना स्वतःचीच चीड आली.

दुपारी काळुराम आला. चेहरा राखेसारखा, नाकातून रक्ताचा सुकलेला ओघळ. त्याच्यामागे एक दाढी राखलेला, पांढरा सदरा घातलेला माणूस होता. तो मार्सेल. काळुराम दगडावर बसला आणि त्याने मान तिरपी केली. ठमाबाईने तारेचा आकडा घेतला आणि बोळा काढायला गेली. बोळा हाताला लागेना. आकडा आत घालून घालून, काळुरामने दोनदा दात करकरा खाल्ल्यावर, तो निघाला. तिने तो चटकन मुठीत झाकला.

"ऐकू येतंय ना तुमाला? आवो, माझा ऐकू येतंय?"

"येतंय गो, वरडू नको. तीन पुरुषावर गेलू आन् असा दुखला, असा दुखला... डोका फिराय लागला. आलू वर."

"बाय," मार्सेल म्हणाला, "हे बोळे तू घालतेस?"

"मंग कोन घालंल?"

"घालू नको. तुझ्या मालकाचा कान यानीच जाईल."

तिला आधी कळलंच नाही तो काय बोलला ते. कळलं तेव्हा हसू आलं, आणि हसू संपायच्या आत राग आला.

मार्सेल पडवीच्या कडेला टेकला आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगू लागला. "पानी बाहेरून दाबतं. आत कानात थोडी हवा असते, ती आपली गुपचूप बसलेली असते. मधी पडदा हाय, पापडाएवढा पातळ. एका बाजूनं पानी दाबतं, दुसऱ्या बाजूनं कोन नाय. म्हनून दुखतं. मंग काय करायचं? नाक दाबायचं, तोंड मिटायचं आनि हळूच फुंक मारायची. हवा आतून कानात जाते. टक असा आवाज येतो. टक झाला की एक पुरुष खाली. परत थांब, परत फुंक. आवंढा गिळला तरी काही जनांचं होतं. जोर नाय लावायचा. दुखाय लागला तर हातभर वर यायचा आनि परत फुंकायचा. दुखत असताना खाली जावाचा नाय, कायबी झाला तरी."

"आन् बोळा?" काळुरामने विचारलं.

"बोळ्यानं पानी अडत नाय. पानी बोळ्यालाच आत ढकलतं. मंग तू आतून किती फुंकलास तरी काय फायदा? फूक बघू. नाक धर."

काळुरामने नाक धरलं आणि गाल फुगवले. उजव्या, मेलेल्या कानातून सूं करून हवा बाहेर आली. ठमाबाईने ती ऐकली.

"ह्यो फाटलाय, म्हनून हवा भायेर येते," मार्सेल म्हणाला. "डावा आजून शाबूत हाय. वाजला ना टक करून?"

"वाजला," काळुराम चकित होऊन म्हणाला. "आयला, दुखायचा पन कमी झाला."

"आमच्यात किरिस्तावाचा मंत्र चालत नाय," ठमाबाई म्हणाली.

"मंत्र कुठला बाय? फुंक हाय नुसती. गोदीत समदे करतात. मुसलमान, गोरे, कोनीबी."

"म्हंजे माझी सासू खुळी होती? तिची सासू खुळी होती? गावाची समदी मानसं खुळी, आन् तू ठान्याचा येवून शाना?" तिचा आवाज चढला. "माझे सासरे बोळा न घालता गेले पान्यात, ते आलेच नाय. म्हायती हाय तुना?"

मार्सेल उठला. जाताना एवढंच म्हणाला, "उद्या अष्टमी. भांगाचं पानी, भरती-ओहोटीला जोर नसतो, घटकाभर उभं राहील. काय करायचं ते उद्याच. त्याच्या पुढं उधान आलं की पडाव गाळात जाईल आनि तुमची रेतीची जागा गेलीच समजा. बोळा घालून मात्र मी त्याला खाली सोडनार नाय."

तो गेल्यावर ठमाबाईने चुलीपाशी जाऊन मूठ उघडली. बोळ्याच्या आतल्या टोकाला रक्त लागलं होतं. रक्त तिला नवीन नव्हतं. डुबीवाल्यांच्या बोळ्यांना ते बऱ्याचदा लागलेलं असे. बोळा होता म्हणून एवढ्यावर निभावलं, असं ती दर वेळी म्हणायची आणि तो चुलीत टाकायची. आजही टाकला. मेण चरचरलं.

दुपारभर तिचं कशात मन लागलं नाही. भात करपला. परसात गेली तर काळुराम पेंढ्याच्या गंजीआड उभा राहून नाक धरून फुंकत होता. दुसऱ्या वेळी हसून हसून तिची पुरेवाट झाली असती. चाळिशीला आलेला बाप्या, बेडकासारखे गाल फुगवलेले. तिला रडू आलं. तो किरिस्ताव उद्या याला नागवा कान घेऊन पाच पुरुष खाली पाठवणार. आणि खाडी नाव घेणार. त्याने तिला पाहिलं आणि पाठ फिरवली, तीही घरात वळली. संसारात इतकी वर्षं झाली की भांडण कधी टाळावं ते दोघांनाही कळतं.

सकाळी तो रोजच्यासारखा दगडावर येऊन बसला आणि त्याने कान पुढे केला. नको म्हणाला नाही. ठमाबाईने दोन्ही बोळे घातले आणि पदर खोचला.

"मी येते संगती."

"तू? पान्यावर?"

"येते. तो बोळ्याला हात लावील. मी असली की नाय लावनार."

काळुराम तिच्याकडे बघत राहिला. बोळे घालणारी बाई पाण्यावर येणं म्हणजे नियम मोडणंच होतं. पण एक नियम मोडला जाऊ नये म्हणून दुसरा मोडायची वेळ आली की बाईमाणूस वाट काढतंच. तो पुढे चालू लागला.

मार्सेलच्या पडावावर तो आणि त्याचे दोघे गडी होते. बुडालेल्या पडावापर्यंत एक जाड दोर सोडलेला होता आणि दर पुरुषाला त्यावर गाठ होती. ठमाबाई कडेला बसली. खाडीत इतकं आत ती कधी आलीच नव्हती. पाणी गढूळ, हिरवट, आणि ते हलत नव्हतं. हलत असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. न हललेलं पाणी वाट बघत असल्यासारखं दिसत होतं.

"बोळे काढ," मार्सेल काळुरामला म्हणाला.

"मी नाय काढू शकत. आमच्यात ज्याचा हात त्यानंच काढायचा."

"तू काढ मंग, बाय."

"नाय काढनार."

"पानी फिरायला आलंय, घटका निघून जाईल."

"जाऊ दे. मी नाय काढनार."

मार्सेलने कपाळाचा घाम पुसला. चिडेल असं वाटलं होतं, पण चिडला नाही. तिच्यासमोर उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाय, एक विचारतो. खरं सांग. तू बोळा घालतेस, तो वर आल्यावर तिथंच सापडतो का आत गेलेला असतो?"

ठमाबाईने ओच्यातला तारेचा आकडा चाचपला.

बारा वर्षांत हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं. बोळा जिथे घातला तिथे तो कधीच सापडत नसे. कायम आत, खूप आत. खाडीला आत शिरायचं असतं, ती ढकलते, असंच तिने धरलं होतं. म्हणून तर ती आणखी घट्ट दाबायची. आता हा परका माणूस, ज्याने कालपर्यंत तिच्या अंगणात पाऊल ठेवलं नव्हतं, तो तिने मुठीत लपवलेली गोष्ट तिलाच विचारत होता.

तिने काळुरामकडे बघितलं. तो मान तिरपी करून बसलाच होता. घालायला बसायचा तसाच. ती काढील की नाही हे त्याने सगळं तिच्यावर सोडलं होतं, आणि त्या क्षणी तिला त्याचा फार राग आला. एवढं मोठं ओझं कोणी बायकोच्या हातात देतं का?

तिने आकडा काढला. हात एकदा मागे घेतला, पदराला पुसला आणि पुन्हा पुढे केला. बोळे सहज निघाले. ते कुठे ठेवावे तिला कळेना, म्हणून तसेच ओच्यात टाकले.

"पयला एकच पुरुष जा," मार्सेलने काळुरामला बजावलं. "फाटलेल्या कानात पानी शिरलं की डोकं गरगरेल. घाबरू नको. डोळे मीट, दोर सोडू नको. आपोआप थांबतं." मग त्याने काळुरामच्या कमरेचा, तशाच गाठींचा दुसरा दोर ठमाबाईच्या हातात दिला. "हा धर. दोर थांबला तर तो फुंक मारतोय. दोर चालला तर कान उघडले. तीनदा हिसका दिला तरच ओढायचा, नायतर नाय."

काळुराम पाण्यात उतरला. दोर तिच्या बोटांतून हातभर गेला, दोन हात गेला आणि थांबला. थांबूनच राहिला. मग तो थरथरला.

"हाक आली," ती ओरडली. "हाक आली त्याला! ओढा!"

"ओढू नको. गरगरतंय, थांबेल."

"त्याचा बाप असाच..."

"बाय, ओढू नको म्हनतो ना!"

तेवढ्यात काळुराम वर आला. दोराला मिठी मारून तो धापा टाकत राहिला. "समदा जग फिरला गो," तो म्हणाला. "डोले मिटून धरून राहिलू. मंग थांबला." तो एकदा थुंकला, मग त्याने नाक धरून फुंकलं, मोठा श्वास घेतला, आणि ती काही म्हणायच्या आत पुन्हा खाली गेला.

दोर चालला. थांबला. चालला. थांबला. दुसरा पुरुष. दर थांब्याला ठमाबाईचाही श्वास थांबत होता. तिसऱ्या पुरुषाला दोर थोडा सैल पडून वर आला. दुखलं असणार, हातभर वर आला असणार. काल इथूनच तो परतला होता. आज दोर पुन्हा खाली गेला. चौथ्याला थांबला. मग सरसर सुटला आणि पाचव्याला थांबला, आणि मग तो बाजूला, आडवा सरकायला लागला. काळुराम तुळयांच्या आत शिरला होता.

तिने डोळे मिटले नाहीत. पाण्यावर बुडबुडे येत होते, मग येईनासे झाले. मार्सेलचे ओठ हलत होते, तो बहुतेक आकडे मोजत होता किंवा त्याच्या देवाचं नाव घेत होता. ठमाबाईला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की उंबऱ्यात बसणं किती सोपं होतं.

तीन हिसके.

सगळ्यांनी मिळून ओढलं. काळुराम वर आला, काठाला लटकला आणि म्हणाला, "बांधला. एक बांधला."

त्यानंतर तो अजून सहा वेळा गेला. दर वेळी दोर तसाच थांबत थांबत गेला. सातव्या वेळेनंतर पाणी फिरलं आणि मार्सेलने हात वर केला. झालं होतं. काळुराम पडावात तिच्याकडे पाठ करून बसला, अंगावर काटा, केसांतून पाणी गळतंय. ठमाबाई मागे बसून पुटपुटली, "आई एकवीरे, आई..."

"तिना कशाला तरास देतेस आता?" तो मागे न बघता म्हणाला. "आलू ना मी."

इतकं हळू ती बोलली होती की तिचं तिलाही धड ऐकू आलं नव्हतं.

"खाली काय होता?" तिने विचारलं. "नाव घेतला का तिनं?"

"कोनाचा? खाली काय नाय गो. समदा गप हाय. आयुष्यात पयल्यांदा गप होता." तो वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावर पोरासारखं नवल होतं. "हाकबिक कायच नाय."

ती हसली, आणि त्याचं अंग पदराने पुसू लागली. पुसता पुसता तिचा हात थांबला. हाक नव्हतीच. म्हणजे बोळा असला की हाक होती आणि बोळा नसला की नव्हती. सासऱ्यांना ती फुंक कोणी शिकवली नव्हती, एवढंच. गावातल्या प्रत्येकाच्या कानात तिने जे दाबलं होतं, तेच खाली जाऊन त्यांना दुखत होतं. आणि जो जास्त भ्यायचा, ज्याच्यासाठी तिचा जीव जास्त तुटायचा, त्याचा तिने जास्त दाबला होता. रघूचा तर सगळ्यात जास्त. पोर दगडावर बसून म्हणायचा, वयनी, दुखतंय गो, आणि ती म्हणायची, दुखू दे, घट्ट हाय म्हंजे चांगला हाय.

काठावर गाव जमलं होतं. पाटील आले होते. काळुरामला लोकांनी खांद्यावर घेतलं. ठमाबाई कडेकडेने घरी आली.

रघू मिठागरातून जेवायला आला होता. पायांना पांढरा खार, तळवे चिरलेले. तिने त्याला भात वाढला, सुकट वाढली. तो जेवायला लागल्यावर ती त्याच्यासमोर बसली.

"रघू," ती म्हणाली. त्याने वर बघितलं नाही. तिने त्याच्या मनगटाला हात लावला, तेव्हा बघितलं.

"मीच केला रे. तुझा कान माझ्या हातानं गेला. खाडीनं नाय केला काय. मी केला."

तो तिच्या ओठांकडे बघत होता. कपाळाला आठ्या घालून, नीट, जीव लावून बघत होता. ती पुन्हा बोलली, स्वतःच्या कानावर बोट ठेवून, अंगठा दाबून दाखवून. त्याच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. आपल्याला समजलं, असं त्याला वाटलं.

"नाय गो वयनी," तो म्हणाला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही, त्याचं बोलणं चार घरांपर्यंत गेलं. "नाय दुखत आता. बिलकूल नाय दुखत."

आणि तो पुन्हा जेवायला लागला.

ठमाबाई बसून राहिली. तिला मोठ्याने रडावंसं वाटत होतं आणि रडायचा आपल्याला हक्क नाही असंही वाटत होतं. रघूने भात मागितला, तिने वाढला. त्याचं जेवण झाल्यावर हातावर पाणी घातलं. मग ओच्यातले दोन बोळे चुलीत टाकले, मेणाची वाटी उकिरड्यावर पालथी केली आणि डोक्यावरून पदर घेऊन बाहेर पडली.

उद्या ओहोटीला डुबीवाले अंगणात येतील. त्यांना तिथे सांगता आलं असतं. पण ज्यांचे कान आधीच गेले होते ते काही आता अंगणात येत नव्हते.

पहिलं घर शेवंतीचं होतं. तिचा नवरा पडवीत जाळं विणत बसला होता. ठमाबाई दारात आलेली त्याला दिसली, पण तिच्या पावलांचा आवाज त्याला आला नव्हता. तीन वर्षं झाली, त्याला कसलाच आवाज येत नव्हता. शेवंती हात पुसत बाहेर आली. काळुराम सुखरूप आल्याचं तिला कळलं होतं. तिने लगबगीने पाट मांडला.

"ये गो ठमा, बस. एकवीरा पावली तुना. बस ना."

ठमाबाई उभीच राहिली.

"आधी ऐकून घे," ती म्हणाली, "मंग 'बस' म्हन."